दादाच्या नावातल्या बारीक रेघा

आधीच सांगते, असलं काही मी मानत नाही. आमच्या घरात ना कधी लिंबू-मिरची टांगली, ना कुणाची दृष्ट काढली. बुद्धविहारात वाढलेली पोरं आम्ही. पण हे कुणाला तरी सांगायलाच हवं... म्हणून लिहितेय.

डोंबिवली पूर्वेला मानपाड्यात माझं फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान आहे. डीटीपीच्या क्लासला मला हट्टाने घातलं ते प्रभाकरदादाने, माझ्या मोठ्या भावाने. आमच्याकडे एक जुना ठसठशीत फॉन्ट आहे — उभे दांडे अंगठ्याएवढे जाड, शिरोरेषा आणि वळणं मात्र केसासारखी बारीक, दांड्यांच्या पायाशी छोटी पट्टी. भारदस्त दिसतो, म्हणून सत्काराला, निरोपाला तोच. माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या बॅनरलाही तोच. लांबून बारीक रेघा दिसत नाहीत, म्हणून आम्ही वरून थोडी आउटलाइन देतो.

गेल्या वर्षी दादा कंपनीतून रिटायर होणार होता. बॅनर अर्थातच माझ्याकडे. दुपारी जुनी फाईल उघडली, त्यातलं नाव खोडून दादाचं टाइप केलं — आम्ही सगळे डीटीपीवाले असंच करतो — आणि प्रिंटला दिलं.

बघते तर काय, दादाच्या नावाला शिरोरेषाच नाही! नुसते काळे दांडे. खाली त्याच फॉन्टमध्ये त्याच्या मित्रांची नावं होती, ती शाबूत. म्हटलं, मशीनचं प्रिंट हेड शाईने चोकअप झालं असेल. साफ केलं. पुन्हा तेच. आउटलाइन दुप्पट केली, नवी फाईल केली... स्क्रीनवर नाव अख्खं, फ्लेक्सवर दांडे. मशीनवाल्याला बोलावलं. त्याने त्याच फॉन्टमध्ये माझं नाव छापून बघितलं, एकदम क्लीन. "मॅडम, मशीनमध्ये काहीच प्रॉब्लेम नाहीये," म्हणाला.

म्हणजे पुसलं जात होतं ते फक्त दादाचंच नाव. दादाला फोन लावला.

"दादा, एकदा डॉक्टरकडे जाऊन ये रे. ईसीजी काढून घे."

"का गं? काय झालं?"

"असंच..."

"संगे, वेड लागलंय का तुला? मी ठणठणीत आहे. बॅनर झाला का ते सांग. आणि फोटोत टक्कल जरा झाक हां!"

वहिनीलाही सांगून बघितलं. "अगं, ते कधी माझं ऐकतात का?" म्हणाली. शेवटी मी साधा, एकसारख्या जाडीचा फॉन्ट घेतला. नाव अख्खं आलं. इतकं हायसं वाटलं की तिथेच स्टुलावर बसून रडले.

कार्यक्रम छान झाला. बॅनरखाली उभा राहून दादा म्हणाला, "आपला नेहमीचा फॉन्ट नाही वापरलास?"

"कंटाळा आला त्याचा," म्हटलं.

चौथ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता दादा गेला. हार्ट अटॅक.

पुण्यानुमोदनाचा बॅनर दुसऱ्या कुणाकडे देणार? मीच बसले. सवयीने जुनी फाईल उघडली, नाव खोडलं, दादाचं टाइप केलं. फॉन्ट तोच आहे हे प्रिंट देताना लक्षात आलं. बदलला नाही. मनात म्हटलं, येऊ देत दांडे... येऊ देत रे.

सगळ्या रेघा आल्या. एकूण एक. मी तर आउटलाइनही दिली नव्हती.

ते दांड्यांचे फ्लेक्स अजून दुकानात गुंडाळून ठेवलेत. मशीन तेच, शाई तीच, फॉन्ट तोच. ज्यांना ज्यांना दाखवले, कुणालाच काही सांगता आलं नाही, मलाही नाही. छळतं ते एवढंच — मला आधी कळलं होतं, आणि मी फक्त फॉन्ट बदलला.