लालीचा खरवस

जनावरांच्या दवाखान्यात पंधरा वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. पण गेल्या वर्षीचे हे किस्से मी हसत हसत सांगायला घेतो आणि शेवटाला माझंच हसू जातं. बघा, तुम्हाला तरी हसू येतं का!

प्रयोगशाळेत तयार झालेला गर्भ गावातल्या गाईच्या पोटात सोडायचा, असं सरकारी काम आलं. रिठद गावच्या शेवंताबाईंनी त्यांची एकुलती एक गाय, लाली, पुढे केली. मी गर्भ गोठवून ठेवलेल्या नायट्रोजनच्या टाकीचं झाकण उघडलं आणि पांढरी गार वाफ भसकन बाहेर आली. शेजारचे तात्या चपला सोडून पळाले! लांबून ओरडले, "डॉक्टर, भूत कोंडून आणलं का हो?"

*

काम झाल्यावर शेवंताबाईंनी विचारलं, "वळू कुठचा हाय?"

"वळू नाही. गर्भ तयारच आलाय."

"मंग गाय तरी?"

"तीही दुसरीच."

त्यांनी लालीच्या पाठीवरून हात फिरवला. "म्हंजे माया लालीचं यात काईच नाई? फक्त जीव तिचा!"

*

मग तात्यांच्या मोबाइलवर व्हिडिओ आला. परदेशात म्हणे गाईंच्या जनुकांत फेरफार करतात. तात्यांचा रोज फोन, "वासरू पाच पायाचं निघालं तं?" मी ठासून सांगायचो, "काही होत नाही!"

एकदा वाशीमच्या जिल्हा कार्यालयात साहेबांनाच विचारलं, "सर, आपल्या गर्भात काही बदल केलाय का?"

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "आपलं काम गर्भ सोडायचं. बाकी विचारायचं नाही!"

त्या दिवसापासून मलाच भीती वाटायला लागली. तात्यांना मात्र मी तेच सांगत राहिलो.

*

लाली व्यायला लागली तेव्हा मी धावतच गेलो. वासरू मोठं, बाहेरच येईना. शेवंताबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन रडत होत्या, "डॉक्टर, वासरू गेलं तरी चालते, मायी लाली वाचवा!"

तासाभरानं कालवड झाली. लालीही वाचली. तात्यांनी लांबूनच पाय मोजले. "चारच हायेत," म्हणाले आणि पुन्हा मोजले!

*

गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस आमच्याकडे घरोघर जातो. शेवंताबाईंनीही वाट्या पाठवल्या. सगळ्या जशाच्या तशा परत आल्या.

मी कालवड तपासायला गेलो, तर त्यांनी एक वाटी माझ्यापुढे ठेवली. दारात अर्धं गाव उभं. "तुमी खा डॉक्टर. तुमी खाल्लं म्हंजे सारे खातीन."

मी चमचा उचलला. तोंडाजवळ नेला, आणि हात तिथेच थांबला.

शेवंताबाईंनी माझ्या हाताकडे पाहिलं. वाटी काढून घेतली, पदराआड झाकली आणि हळूच विचारलं, "डॉक्टर, मी तं सकाळीच वाटीभर खाल्ला. आता मले काय होईन?"