चार बोटं उघडी काच

आमच्या जुन्या कॉन्टेसा गाडीची माझ्या बाजूची काच चार बोटं उघडीच राहायची. ती फिरवायचं हँडल तुटलं होतं, आणि ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्याच गाडीचं, त्याच बनावटीचं हँडल हवं होतं. ते कुठे मिळत नव्हतं. द्वारका चौकाजवळच्या गॅरेजातले आमचे मिस्त्री म्हणायचे, "साहेब, व्हॅनचं बसवून देतो. पाच मिनिटांचं काम." हे नुसती मान हलवायचे. नाही म्हणजे नाही.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर ह्यांनी ही गाडी मालेगावहून ओढून आणली होती. मिस्त्रींना तिच्यात भलतंच काही दिसायचं. रुंद चाकं, नवं इंजिन, पॉवर स्टिअरिंग, वर चकचकीत काळा रंग. "एवढं लांब बोनेट आता कोण देतंय, साहेब? रस्त्यावर वाघासारखी दिसेल." ह्यांचं म्हणणं एकच: कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा होती तशी ती उभी राहिली पाहिजे. मूळच्या फिकट निळ्या रंगासाठी रंगाऱ्याला तीनदा परत पाठवलं. कारखाना नव्या गाडीबरोबर द्यायचा ते मूळ माहितीपुस्तक कुठल्याशा जुन्या मालकाकडून मिळवलं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून समोरच्या खणात जपून ठेवलं.

चालकाची सीटही गंजून एका जागी अडकली होती. ती ज्यावर सरकते ती मूळ पट्टीही मिळायची होती. सीट ह्यांच्या उंचीला बरोबर होती. मी पाच फूटसुद्धा नाही. आमची छोटी गाडी मी रोज चालवायचे, पण हिला हात लावायची भीती वाटायची. बोनेट कुठे संपतं तेच दिसायचं नाही.

त्या दिवशी येवल्याहून लग्न आटोपून दुपारी परत येत होतो. निफाडच्या अलीकडे द्राक्षबागेच्या कडेला एक मोठं झाड दिसलं आणि ह्यांनी गाडी सावलीत घेतली. फोटो काढायचा होता. मी आतच बसले. हे फडक्याने बंपर पुसत होते. बागेत कुणीतरी पालापाचोळा पेटवलेला होता आणि धूर झाडात शिरत होता, हे मी बघत होते, पण वर काय आहे ते मला ठाऊक नव्हतं.

आधी नुसता आवाज आला. मग हे दोन्ही हात तोंडावर मारत गाडीकडे पळत आले. चालकाच्या बाजूचं दार उघडून आत पडले, ते ओढून घेतलं, आणि त्यांच्याबरोबर माश्याही आत आल्या. आग्या मोहोळ उठलं होतं.

"काच लाव! काच लाव!" हे ओरडत होते. कशी लावू? त्या फटीतून माश्या एकामागून एक येत होत्या. मी समोरचा खण उघडला, हाताला पुस्तक लागलं, ते मधोमध उघडून फटीत कोंबलं. पानं फाटल्याचा आवाज ऐकला. उरलेल्या जागेत शालूचा पदर कोंबून तो तसाच खांद्यापासून सोडून दिला.

ह्यांच्याकडे पाहिलं तर चेहरा ओळखू येईना. दोन्ही डोळे मिटत चालले होते. "मला दिसत नाहीये," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "घसा आवळतोय गं."

दार उघडून जागा बदलणं शक्यच नव्हतं. मी त्यांना ढकलत, ओढत मागच्या सीटवर घातलं आणि सरकून स्टिअरिंगपाशी आले. क्लच खाली जाईना. मी सीटच्या अगदी काठावर आले, जवळजवळ उभीच राहिले, तेव्हा तो दबला. गाडी धक्का खाऊन पुढे गेली. बागेतल्या बायका डोक्यावर गोणपाट घेऊन पळत होत्या. त्यातली एक जोरात ओरडली, "ताई, थांबू नका! पळवा, लय माश्या हायेत!"

दुसऱ्या गिअरच्या पुढे मी गेलेच नाही. पुन्हा क्लच दाबायची हिंमत नव्हती. स्टिअरिंग इतकं जड, की वळणावर दोन्ही हातांनी लोंबकळावं लागत होतं. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, मी डोळे मिटले, उघडले तेव्हा तो मागे गेला होता. एक माशी माझ्या मानेवर चालत होती. तिला झटकायला हात सोडला तर गाडी शेतात जाईल, म्हणून मी तिला चावू दिलं. मागून ह्यांचा श्वास ऐकू येत होता. शिट्टीसारखा. मग तो ऐकू येईनासा झाला. "अहो, बोला काहीतरी!" मी ओरडले. रडत रडत हाका मारत राहिले. वळून बघायचं धाडस झालं नाही.

निफाडच्या दवाखान्याच्या फाटकात ब्रेक दाबताच गाडी बंद पडली. दवाखान्यातल्या दोघांनी ह्यांना उचलून नेलं, लगेच इंजेक्शन दिलं. मी गाडीतच बसून राहिले. पदर अजून फटीतच अडकलेला होता.

हे चार दिवस तिथे होते. दुसऱ्याच दिवशी गाडी गॅरेजला पाठवून मी मिस्त्रींना फोन केला. "हँडल बसवा, व्हॅनचं, ट्रकचं, कसलंही. सीट पुढे सरकली पाहिजे. आणि स्टिअरिंग हलकं करा."

"वहिनी, साहेब मला सोडणार नाहीत."

"मी सांगितलंय म्हणा."

घरी आल्यावर सुजलेल्या डोळ्यांनी ह्यांनी गाडी पाहिली. करड्या प्लॅस्टिकच्या हँडलवर बोट फिरवलं. "पुस्तकाची चार पानं गेली," म्हणाले.

मी आयुष्यात त्यांच्यावर इतकी ओरडले नव्हते. काय काय बोलले ते आठवत नाही. त्यांनी हँडलवरचं बोट काढलं. मग म्हणाले, "तू हाका मारत होतीस, ते ऐकू येत होतं. आवाजच निघत नव्हता. मला वाटलं, तू रडतेयस म्हणजे मी गेलो असणार."

मी पायरीवर बसले. तेही शेजारी येऊन बसले.

रंग तोच राहिला, चाकंही तीच. बाकी गाडीत पुढे बरंच बदललं, आणि त्यातलं काही त्यांनी स्वतःच सुचवलं. दर रविवारी सकाळी मी ती गंगापूर रोडने धरणापर्यंत नेते. हे शेजारी बसतात. अजूनही पहिला किलोमीटर मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरते, आणि हे विनाकारण काही ना काही बोलत राहतात.