अण्णांना दिसलेला गुरू

गेल्या रविवारी दुपारी तमिळ मुलखातल्या आमच्या मेलकावेरी गावच्या घरात मी लॅपटॉप घेऊन अण्णांच्या शेजारी बसलो होतो. आदल्या संध्याकाळी गच्चीवरून दुर्बिणीतून गुरू ग्रहाचं व्हिडिओ शूटिंग केलं होतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. सर्व्हेच्या ऑफिसात आयुष्यभर नकाशे काढले... केसाएवढी बारीक रेघ हात न हलू देता मारायचे. आता त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधलाच भाग निकामी होत चाललाय. समोर बघितलं की मध्ये काळा डाग दिसतो. डॉक्टरांनी तमिळमध्ये शांतपणे सांगितलं, की आता उपाय नाही.

गुरूवरचे पट्टे एकदा बघायचे, एवढंच त्यांनी मागितलं होतं. म्हणून मी हजारो फ्रेममधून चांगल्या तेवढ्या निवडल्या, एकावर एक रचल्या आणि चित्र रेखीव व्हावं म्हणून शार्पनिंग सुरू केलं.

"दिसतंय, अण्णा?"

"दिसतंय की. छान आहे."

मला शंका आली. गुरूवरचा मोठा लाल ठिपका कुठे आहे, विचारलं. त्यांनी बोट ठेवलं ते भलत्याच कडेला.

मी शार्पनिंग आणखी वाढवलं... मग आणखी. शेवटी गुरूच्या कडेला काळी रिंग उमटली, जे पट्टे नव्हतेच तेही दिसायला लागले. अण्णा उगाच मान हलवत होते.

"पोदुम रे," ते हळूच म्हणाले. "पुरे कर. मज नाही दिसत ते."

मी सगळं बंद करायला गेलो, तर चुकून मूळ व्हिडिओ सुरू झाला. अण्णा एकदम पुढे सरकले.

"हे काय हलतंय?"

"ते कच्चं शूटिंग आहे. हवेमुळे थरथरतं. स्थिर चित्र मिळावं म्हणून तर एवढा खटाटोप..."

"राहू दे. हे दिसतंय."

मान वाकडी करून, मधला डाग चुकवून ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते; तिथल्या नजरेला हलणारं पटकन कळतं. दुर्बिणीला ग्रहाच्या मागे फिरवणारा माउंट नीट लागला नव्हता, त्यामुळे गुरू हळूहळू डावीकडे सरकत होता. अण्णांचं बोट स्क्रीनवर त्याच्या मागोमाग जात होतं, अगदी बरोबर... तो कडेला जाऊन नाहीसा होईपर्यंत.

"गेला," ते म्हणाले. "परत लाव."

चार वेळा लावला.

पट्टे त्यांना दिसले नाहीत, आणि आता दिसणारही नाहीत. डोळे दर महिन्याला थोडे थोडे जाताहेत, ते माझ्या कुठल्याच सॉफ्टवेअरने थांबणार नाही.

पण खराब म्हणून मी आजवर किती व्हिडिओ डिलीट केले, हे आठवून दोन दिवस चैन पडलेली नाही. हा एक वाचला, त्याबद्दल मात्र मनापासून आभारी आहे... कुणाचा, ते ठाऊक नाही.