दप्तरातला कोयता

ती घटना आठवली की आजही माझ्या अंगावर काटा येतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले; पण आठवीतल्या एका पोरीने मला जसं हादरवलं तसं दुसऱ्या कुणी नाही. गावाचं नाव सांगणार नाही. आंबेगाव तालुक्यातलं, चहूबाजूंनी ऊस असलेलं गाव, एवढं पुरे.

त्या वर्षी शाळेच्या वाटेवरून बिबट्याने वासरू ओढून नेलं होतं. गावसभेत ठाण्याचा प्रभारी म्हणून मी ऐटीत भाषण ठोकलं, "पोरांना मोकळ्या हाताने पाठवू नका. हातात काहीतरी असू द्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून पोरं घुंगरू बांधलेल्या काठ्या घेऊन शाळेत येऊ लागली. फाटकाजवळच्या भिंतीला काठी टेकवायची आणि वर्गात जायचं, असा रिवाजच पडला. येता-जाता तो ढीग दिसला की मला बरं वाटायचं.

दोनेक महिन्यांनी, सकाळची हजेरी चालू असताना, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी ठाण्यात आल्या. ठाणे अंमलदाराला काही सांगेनात. माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "साहेब, आठवीतल्या एका पोरीच्या दप्तरात कोयता हाय."

मी हसलो. हो, हसलोच! "बिबट्याची भीती, मावशी. दुसरं काय?"

"आवो, बिबट्या काय वर्गात येतो व्हय? समद्यांच्या काठ्या भिंतीला असत्यात. हिची काठीच न्हाई. अन् पोरगी हल्ली खिचडीला हात लावत न्हाई, दोन पोरांकडं नुसती बघत बसती."

माझं हसू मावळलं. ही बाई भांडी घासता घासता जे बघत होती, ते ना गुरुजींनी पाहिलं होतं, ना आम्ही.

मुलगी अल्पवयीन, तिला ठाण्यात आणायचा प्रश्नच नव्हता. स्टेशन डायरीला नोंद केली, साधे कपडे घातले आणि महिला हवालदाराला घेऊन शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी तिच्या आईला बोलावून घेतलं. त्यांच्या खोलीत, आईसमोर दप्तर उघडलं. वह्यांच्या मधे, जुन्या ओढणीत गुंडाळलेला ऊसतोडीचा कोयता. धार ताजी.

आईने कपाळावर हात मारला. "आगं बया! चार दिस झालं हुडकतीय मी ह्याला."

पोरगी मात्र एकच धरून बसली, "बिबट्यासाठी." दटावून विचारायची माझी सवय, आणि दटावलं की ती आणखी मिटायची. अर्धा तास असाच गेला. शेवटी मावशी आत आल्या, तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि हळूच विचारलं, "बाळा, तुझी काठी कुठं गेली गं?"

तेव्हा तिला रडू फुटलं. वर्गातली दोन पोरं तिची काठी मोडून टाकायची. घरी जाताना पुढे पळून उसात लपायची आणि बिबट्यासारखी गुरगुरायची. एकदा भीतीने तिचे कपडे ओले झाले, ते त्यांनी वर्गभर केलं. गुरुजींना सांगितलं, तर ते म्हणाले, "मस्करी आहे, सोडून दे."

"मग कोयता कशाला?" मी विचारलं.

तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "उद्या शनवार, शाळा लवकर सुटती. उसात गुरगुरलं की मी बघणारच न्हाई, घालणार. मग सांगणार, मला बिबट्या वाटला." जरा थांबून म्हणाली, "तुमीच सभेत म्हणला व्हता, हातात कायतरी असू द्या."

मी कोयता तिच्यासमोरून उचलून टेबलावर माझ्या बाजूला ठेवला.

गुन्हा दाखल करून मोकळं होता आलं असतं, पण दाखल करणार कुणावर? संध्याकाळी त्याच खोलीत त्या दोन पोरांना आणि त्यांच्या वडिलांना बोलावलं, मावशींनाही थांबवून घेतलं. "आमी गंमत करत व्हतो, साहेब," पोरं म्हणाली. मी टेबलावरचा कोयता दाखवला आणि उद्या काय होणार होतं ते सांगितलं. दोघांचेही चेहरे पांढरेफटक पडले. एका बापाने पोरावर हात उगारला, तो मावशींनी वरच्या वर धरला.

"मारून काय हुतंय, भाऊ? उद्यापास्नं तुमी चला पोरांसंगं."

पुढची सगळी व्यवस्था त्या एका वाक्यातून उभी राहिली. दर वस्तीवरच्या दोन मोठ्या माणसांनी पाळीपाळीने पोरांना आणायचं-न्यायचं. गुरुजींनी पोरांची प्रत्येक तक्रार वहीत लिहायची, मस्करी म्हणून सोडायची नाही. आणि पोरांचं काही वावगं दिसलं, तर मावशींनी थेट मला फोन करायचा.

शनिवारची पहिली पाळी त्या दोन बापांची आणि माझी. मुलगी पुढे चालत होती, हात मोकळे. दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस. ती दोघं जिथे लपायची, तिथे ती थबकली, मागे वळून पाहिलं आणि पुन्हा चालू लागली.

पोलिसाने बोलण्याआधी शंभरदा विचार करावा, हे मी त्या वाटेवर शिकलो. कारण चालता चालता, न घडलेल्या गुन्ह्याचा पंचनामा माझ्या डोक्यात आपोआप लिहिला जात होता: 'सदर मुलीने बिबट्या समजून स्वसंरक्षणार्थ वार केला.' मला एका शब्दाचीही शंका आली नसती. खाली सही माझीच असती.