हौसाबाई आणि दुसऱ्या खेपेचं दुखणं

हौसाबाईला मी पाहिलं त्याच्या आधी ऐकलं. साताऱ्याच्या जनाना दवाखान्यात मी तेव्हा नर्सिंग शिकत होते. सकाळी वॉर्डात थर्मामीटर धूत उभी होते, तेवढ्यात फाटकाकडून आरोळी आली, "अगं आयाऽऽ! त्या बैलास्नी कुणीतरी हळू चालाया सांगा गं!" पाठोपाठ बैलगाडी आत आली. गाडीत गवतावर आडवी पडलेली एक पंचविशीची बाई, उशाशी तिची सासू, आणि जू धरून कानकोंडा झालेला गाडीवान.

मेढ्याच्या पलीकडच्या एका वाडीतून गाडी आली होती. बाई दोन दिवस कळा देत होती आणि मूल अडलं होतं. अशा बायका आमच्याकडे यायच्या त्या निपचित. ही मात्र प्रत्येक कळेला एकेकाचा उद्धार करत होती. गाडीवान झाला, बैल झाले, सासूही सुटली नाही. सगळ्यांत मोठा वाटा नवऱ्याचा. तो पलटणीत हवालदार होता आणि लढाईवर समुद्रापार गेला होता. "तकडं बंदूक घिऊन हुबा ऱ्हायलाय! हितं ये म्हणावं, मग कळंल लढाई कशाला म्हंत्यात!" स्ट्रेचर धरणाऱ्या दोघी आया हसून हसून वाकल्या. स्ट्रेचर वाकडं झालं, आणि हौसाबाईनं त्यांनाही सोडलं नाही.

तिच्या कमरेच्या हाडांची वाट अरुंद होती. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि लगेच ऑपरेशन ठरवलं. पोट उघडून मूल काढलं, मुलगा झाला, दोघं सुखरूप. सासूबाईंना मात्र एक शंका छळत होती. वऱ्हांड्यात मला गाठून त्यांनी हळूच विचारलं, "बाई, पोर पोटातनं काडलं. मग ही बाळंतीन म्हनायची, का दुखनेकरीन? डिंकाचं लाडू द्याचं का न्हाई?" मी वाईची. आम्हा वाईकरांकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतंच, पण हा प्रश्न मी वर ढकलला. मी म्हटलं, "डॉक्टरीणबाईंना विचारून सांगते." सासूबाई आठ दिवस वाट पाहून शेवटी लाडू देऊन मोकळ्या झाल्या.

शुद्धीवर आल्यापासून हौसाबाईनं आपल्या दुखण्याची दवंडी पिटायला सुरुवात केली. ती नुसती रडत नसे, सांगत असे, आणि तेही बारकाव्यानिशी. "सकाळच्यान टाक्यात मुंग्या फिरत्यात. दुपारच्याला कुळव घातल्यागत हुतं. आन खोकला आला बाई, की पोटाची दोन गावं हुत्यात." भेटायला कोणीही येवो, शेजारच्या खाटेवरच्या बाईची सासरची माणसं का असेनात, त्यांना हे ऐकावंच लागे. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो हौसाबाई, किती सांगाल!" तर म्हणाली, "आवं, दुखनं सांगितलं की निम्मं ऐकनाऱ्याच्या अंगावर जातं. तुमी चार जनी हायसा, तुमाला काय जड हाय?"

गंमत अशी, की ती इतकं सांगे म्हणूनच तिचं सगळं वेळेवर होई. पोटावरचा पट्टा घट्ट झाला की ओरडे, आम्ही सैल करत असू. कूस बदलायची असली की ओरडे, आम्ही धावत असू. अठराव्या दिवशी ती घरी गेली तेव्हा वॉर्ड एकदम रिकामा झाल्यासारखा वाटला. आया तिला 'मेढ्याची तोफ' म्हणायच्या. ती गेल्यावर त्यांतलीच एक म्हणाली, "आता झोप यील खरं, पन करमायचं न्हाई."

लढाई संपली. हवालदार सुखरूप परतला, आणि तीन वर्षांनी हौसाबाई पुन्हा आमच्या दारात उभी राहिली. या वेळी बैलगाडी नाही, सर्व्हिस मोटार. "पुढच्या खेपेला कळा सुरू व्हायच्या आधी पंधरा दिवस यायचं," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. ती बरोबर पंधरा दिवस आधी आली. मागे पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेतलेला हवालदार. उंच, अबोल, आणि बायकोच्या कीर्तीनं जरा अवघडलेला. त्याच्यामागे सासूबाई, लाडवांचा डबा सांभाळत.

मी आता शिकाऊ राहिले नव्हते. पास झाले होते, कमरेला पास नर्सचा पट्टा आला होता, आणि हाताखाली चार नव्या मुली होत्या. माणसाच्या डोक्यात हवा जायला एवढं पुरे होतं. वॉर्डात त्या वेळी दोन पहिलटकरणी होत्या. दोघींची ऑपरेशनं व्हायची होती, आणि दोघी भेदरलेल्या. मी हौसाबाईला थट्टेनं म्हटलं, "या वेळी तोफ नको हं. तुम्ही आता जुन्या झालात. या पोरी तुमच्याकडे बघून शिकणार. जरा तोंड मिटून दाखवा."

हौसाबाईनं माझ्याकडे पाहिलं, मग त्या दोघींकडे. तिचं माहेर म्हसवडचं, शिद्धनाथाच्या गावचं. डोक्यावरचा पदर नीट करून ती म्हणाली, "बरं बाई. शिद्धनाथाची आन. ह्या खेपंला माझ्या तोंडातनं चकार शबुद न्हाई." सगळा वॉर्ड हसला. हवालदारानंही मान खाली घालून हसून घेतलं. मीही हसले, आणि विसरून गेले. ती विसरली नाही.

इथे आमच्या वॉर्डाची एक समजूत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही सगळ्या, डॉक्टरीणबाईंसकट, असं धरून चालत असू की दुसऱ्या ऑपरेशनला निम्मंच दुखतं. बाईला आता सगळं ठाऊक असतं, अंगाला सवय झालेली असते. त्यामुळे पहिल्या खेपेच्या बाईला दोन दिवस मॉर्फियाचं इंजेक्शन ठरलेलं. दुसऱ्या खेपेच्या बाईला पहिल्या दिवशी एक, आणि पुढे तिनं मागितलं तर. औषधांच्या खोलीतल्या पाटीवर तसं खडूनं लिहिलेलंच होतं. ही समजूत कुणी कुठल्या बाईला विचारून केली होती, देव जाणे.

ऑपरेशन छान झालं. मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी मी हौसाबाईला विचारलं, "कसं आहे?" ती नुसती मान हलवून हसली. मी तक्त्यावर लिहिलं, 'दुखणे कमी.' तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तर मी चार शिकाऊ मुलींना तिच्या खाटेभोवती उभं केलं आणि व्याख्यान दिलं, "बघा. हीच बाई मागे वॉर्ड डोक्यावर घ्यायची. पहिली खेप आणि दुसरी खेप यांत हा असा फरक असतो." हौसाबाई छताकडे बघत होती. तिच्या पदराचं टोक तिच्या दातांत होतं. मी ते पाहिलं, आणि मला वाटलं, बाईला पदर चघळायची खोड आहे.

त्याच संध्याकाळी थोडा ताप आला. दूध उतरताना ताप येतोच, असं आम्ही म्हणत असू. तसं लिहिलं. चौथ्या दिवशीही ताप होता, आणि मी पुन्हा तेच लिहिलं.

पाचव्या दिवशी सकाळी सासूबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. या वेळी लाडवांचं काही विचारलं नाही. म्हणाल्या, "बाई, मला भ्या वाटतंया. हिला म्हशीनं लाथ हानली हुती तवा हिनं धा दिस सांगितलं. सुई टोचली तरी गावाला सांगती. आन आता पोट फाडलं तरी बोलंना. पोरीला पाजाया घेती, आन घळाघळा डोळं गळत्यात, पर आवाज न्हाई. ही माझी सून न्हाई बगा."

मी धावत गेले. टाके काढेपर्यंत पट्टी उघडायची नाही असा नियम होता. मी नियम बाजूला ठेवला आणि पोटपट्टा सोडला. जखमेची डावी बाजू लाल, टणक आणि तव्यासारखी तापलेली. बोट लावताच हौसाबाईचं सगळं अंग ताठ झालं. तोंडातून अक्षर नाही. दातांतला पदर मी ओढून काढला. त्याला भोकं पडली होती.

डॉक्टरीणबाई आल्या, एकदा पाहिलं आणि मला म्हणाल्या, "आत पू झालाय. दोन टाके आत्ताच उघडायला हवेत. अशा तापात क्लोरोफॉर्म द्यायचा नाही. धरून ठेवा." त्या हत्यारं घेईपर्यंत मी हौसाबाईच्या कानाशी वाकले. "हौसाबाई, आता खूप दुखेल. ओरडा. पाहिजे तेवढं ओरडा." तिनं मान हलवली. नाही. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा नाही. मग सासूबाई मागून तिडकीनं बोलल्या, "आवं बाई, तिनं देवाची आन घेतलीया तुमच्यापुढं! ती कशी मोडंल? तुमी 'सुटली' म्हना की!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. लहानपणी आम्हीही खेळताना शपथ घालत असू, आणि जिनं घातली तिनं 'सुटली' म्हणेपर्यंत ती सुटत नसे. ही बाई पाच दिवस माझ्या एका थट्टेखाली दातांत पदर धरून पडली होती, आणि मी मुलींना व्याख्यानं देत होते. मी म्हटलं, "सुटली, हौसाबाई. शिद्धनाथाची शपथ सुटली."

आणि हौसाबाईनं जी आरोळी ठोकली ती वऱ्हांड्यात उभ्या हवालदारानं ऐकली, फाटकावरच्या पहारेकऱ्यानं ऐकली, मला वाटतं अजिंक्यताऱ्यावरही पोचली असेल. हवालदार लढाईत कधी पळाला नसेल, पण त्या वेळी तो दाराशी धावत आला आणि चौकट धरून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो म्हणत होता, "वरड हौसे, वरड. मी हाय हितं."

पुढचे चार दिवस ताप उतरतो की नाही, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. सल्फाच्या गोळ्या चालू होत्या. हवालदारानं पलटणीतल्या ओळखी काढून पुण्याहून पेनिसिलीन आणलं. मी त्या चार दिवसांत जेवले की नाही, आठवत नाही. मला तिच्यासमोर जायची लाज वाटत होती, आणि तिच्यापासून दूर राहवतही नव्हतं. तिला बरं वाटतंय हे मला थर्मामीटरच्या आधी कळलं. पाचव्या दिवशी सकाळी मी दाराशी पोचते तो आतून ऐकू आलं, "ह्यो चहा हाय का बैलाचं पानी?" मी तिथेच भिंतीला टेकून रडून घेतलं.

निघायच्या दिवशी तिनं मला बोलावलं. खाटेच्या टोकाला अडकवलेला तक्ता दाखवून म्हणाली, "बाई, तुमी रोज ह्याच्यावर काय लिवत हुता?" मी खरं ते सांगितलं. 'दुखणे कमी.' मी म्हटलं, "हौसाबाई, चुकलं माझं. तुम्हाला गप्प केलं नि वर खोटं लिहिलं."

"माझंबी चुकलं," ती म्हणाली. "त्या दोन पोरींफुडं मला मोटं व्हायचं हुतं. पर ते तेवडं खोडा. माझ्या नावाम्होरं खोटं नगं."

मी खोडलं. "मग काय लिहू?"

"बसा. सांगते."

हवालदार ट्रंक घेऊन उभा होता, मोटार सुटायची वेळ झाली होती, पण हौसाबाई मांडी घालून सांगू लागली. "पयल्या खेपंला दोन दिस कळांनी अंग मेलं हुतं. कापल्यालं कळलंच न्हाई, कळांतनं सुटले ह्येचंच सुख. ह्या खेपंला अंग ताजं हुतं, समदं कळलं. टाकं जुन्या वणावर घातलं, तितं कातडं आदीच वडल्यालं, ते दुप्पट वडतं. आन एक नवंच. पोरगी दूध वडती, तवा आत पिळा पडतो, कपडं पिळल्यागत. पयल्याच्या टायमाला ह्ये नव्हतं. तुमी म्हंता सवय लागती. अंगाला सवय लागत न्हाई बाई, तोंडाला लागती. आपुन वरडायचं बंद करतो आन तुमी लिवता, कमी."

मी लिहीत होते, दोन कागद भरले. मोटार चुकली. दुसरी दुपारी होती. सासूबाईंनी डबा उघडून सगळ्यांना एकेक लाडू दिला, मलाही.

ते दोन कागद मी तक्त्याला जोडून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवले. त्यांनी उभ्याउभ्या वाचले, मग बसून पुन्हा वाचले. संध्याकाळी मी औषधांच्या खोलीत गेले, तर पाटीवरचे 'मागितलं तर' हे दोन शब्द पुसलेले होते. त्याखाली त्यांच्याच अक्षरात होतं: दुसऱ्या खेपेलाही दोन दिवस, न मागता.

काही वर्षांनी माझी सांगलीला बदली झाली. तिथे नव्या मुलींना शिकवताना मी 'दुखणे कमी' हे शब्द बाईच्या तोंडून ऐकल्याशिवाय कोणाला लिहू दिले नाहीत. हौसाबाई मला पुन्हा भेटली नाही. तिच्या सांगण्यावरून साताऱ्याच्या दवाखान्याचा नियम बदलला, हे तिला कधी कळलंच नाही. कळलं असतं, तर तिनं ते मेढ्यासकट साऱ्या जावळी तालुक्याला ऐकवलं असतं.