टेम्पोवाल्याचा शर्ट

जुनं वॉशिंग मशीन काढून नवं बसवायचं होतं, पण पाइपचा पितळी नट काही केल्या फिरेना. नळही नीट बंद होत नव्हता आणि सकाळचं पाणी जायची वेळ झालेली. नवं मशीन घेऊन आलेला टेम्पोवालाच पुढे सरसावला. मी चहा विचारला, तर ओरडला, "च्या ऱ्हाऊ दे वैनी, उकळतं पानी आणा की!"

ते नटावर ओतून त्यानं हिसका दिला. नट सुटला, फवारा उडाला आणि तो चिंब भिजून हसत सुटला. नवा पाइप जोडल्यावर मी आधी त्याचाच शर्ट मशीनमध्ये टाकला. बनियनवर उकिडवा बसून तो काचेतून एकटक बघत राहिला.

"आईनं धुतला, बायकोनं धुतला," तो म्हणाला, "पर माझा शर्ट धुवून निघताना मी आज पयल्यांदाच बघतोय."