आईच्या कोंबड्यांची जागा

कोंबडीला किती जागा लागते, हा प्रश्न मला आयुष्यात कधी पडेल असं वाटलं नव्हतं. मी सुरतेजवळ कडोदऱ्याच्या एका लूमच्या कारखान्यात हिशेब बघतो, गोडादऱ्यात आमचं छोटंसं रो-हाउस आहे, आणि कोंबडीशी आमचा संबंध पातेल्यापुरता. पण आई धुळ्याकडे गावी एकटी राहायची. गेल्या थंडीत ती अंगणात घसरून पडली आणि शेजारीण येईपर्यंत तशीच पडून होती. मी धावत गेलो, तर तिचं एकच पालुपद. खुराडं उघडं राहिलं आणि मांजराने एक कोंबडी नेली. स्वतःच्या कमरेबद्दल अक्षर नाही.

मी हट्टच धरला, सुरतेला चल. बरेच दिवस नाही-नाही करून ती म्हणाली, येते, पण कोंबड्या घेऊन.

मागच्या बाजूला धुण्याभांड्याची मोकळी जागा आहे. तिथे मी जाळीचा ऐसपैस पिंजरा करून घेतला. आल्या आल्या आईने त्याच्याभोवती एक चक्कर मारली.

"हाई काय? पोपट पाळना शेतस का?"

म्हणजे त्यांना हिंडायला जागा हवी. तिथे लावायची स्कूटर गल्लीत गेली. मग कळलं, दुपारी पिंजऱ्यामागची भिंत तव्यासारखी तापते, म्हणून खुराडं दुसऱ्या कोपऱ्यात. तिथे कपड्यांची दोरी होती. बायको म्हणाली, "आता साड्या तुमच्या डोक्यावर वाळत घालू का?" मग घारी दिसल्या, म्हणून वर हिरवी जाळी. लूमचा खडखडाट कानात घेऊन घरी यावं, तर आई उलट्या बादलीवर बसून माझ्या कामाकडे बघत मान हलवत असायची. डोक्यात अशी तिडीक जायची! पण करत राहिलो. जागा मनासारखी झाली की आई राहील, एवढाच माझा हिशेब होता.

सगळं झालं असं वाटलं, तेव्हा तिने पायाखाली बघितलं.

"आठे माती कोठे शे?"

माती कुठून असणार? चिखल नको म्हणून आम्हीच हौसेने कोटा फरशी बसवली होती. कोंबडीला उकरायला लागतं, मातीत लोळायला लागतं, नाहीतर अंगावर उवा होतात, हे मला तेव्हा कळलं. रविवारी मी स्वतःच्या हाताने ती चकचकीत फरशी फोडली. शेजारच्या गुजराती बेन भिंतीवरून डोकावल्या. "भाई, आ मरघी माटे छे के महेमान माटे?" कोंबड्यांसाठी की पाहुण्यांसाठी, विचारत होत्या. बारडोलीकडच्या एका उसाच्या शेतातून गोण्या भरून काळी माती आणली, ओतली, पसरली. कंबर माझीही गेली.

कोंबड्या मात्र खूश. त्या माती उडवत लोळायच्या आणि बायकोने धुतलेलं सगळं परत मळवायच्या. तरी संध्याकाळी त्यांना कोंडायचं काम आईने बायकोलाच शिकवलं. हळूहळू कोणती कुठे अंडं घालते हेही बायकोला पाठ झालं. आई नुसती बघायची. मला वाटलं, रमली.

एका संध्याकाळी कामावरून आलो, तर आई पिशवीत लुगडी भरत होती.

"गावले जास मी," ती म्हणाली.

"आणि कोंबड्या?"

"त्या आठेच राहतीन. आते माले काळजी नही."

परत पडले तर यांना कोण कोंडणार, हा घोर तिला त्या पडण्यापासून लागला होता. त्यांची सोय लावायला ती आली होती, राहायला नाही. मला इतका संताप आला आणि त्याच वेळी इतकं रडू आलं की काय करावं कळेना. मी ओरडलोच, "अगं, ही सगळी जागा मी तुझ्यासाठी केली!"

आईने मागच्या दारातून त्या मातीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला खरंच समजलं नव्हतं.

"माले?" ती म्हणाली. "माले इतली जागा कसाले?"